त्रेचाळीस वर्षांच्या बाळाला दिलेल्या लशीबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी (लसीकरण),
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : बालकांची लस मला टोचल्यावरून लसीकरण केंद्रातील परिचारिकाबाईंना बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत व माझ्या उरलेल्या लशी मला मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर बाईंना आलेली आपली कारणे दाखवा नोटीस. २) माझा डावा दंड.

महोदय,

सविनय कळवतो की, वरील नोटिशीत ज्याचा उल्लेख 'अपात्र लाभार्थी' असा झाला आहे, तो मीच. मी वजनकाटे दुरुस्त करतो. वय त्रेचाळीस.

१. दोन वर्षांपूर्वी माझ्या शरीराने रक्त तयार करणे बंद केले. हाडांच्या आत रक्त बनवणारा जो मगज असतो तो आटला, असे निदान झाले. मोठ्या रुग्णालयाच्या रक्तविकार विभागाने माझा जुना मगज औषधांनी धुऊन काढला आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तातून मूळपेशी काढून माझ्या शिरेत सोडल्या. त्या हाडांत जाऊन बसल्या व कामाला लागल्या. आजमितीस माझ्या अंगात वाहणारे रक्त तिचे आहे. रक्तगटही तिचाच झाला. 'माझ्याच रक्तावर जगतोस आणि मलाच उलट बोलतोस,' असे ती आता घरात उठताबसता ऐकवते.

२. जुन्या मगजाबरोबर लहानपणीच्या लशींची शरीराला असलेली आठवणही धुऊन गेली. पेशींचे हे रोपण करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्ताच्या हिशेबाने तुम्ही सव्वा वर्षाचे आहात. बाळाच्या लशी पहिल्यापासून घ्यायच्या. जिवंत जंतूंच्या तेवढ्या इतक्यात नकोत." तशी चिठ्ठीही त्यांनी दिली. बाहेर विकत घेणे झेपण्यासारखे नव्हते, म्हणून मी आपल्या केंद्रात गेलो. आजारपणापासून मला एकट्याला कुठे सोडत नाहीत, त्यामुळे सोबत आई व बहीण होत्या.

३. बाकावर आया आणि त्यांच्या मांडीवर बाळे अशी रांग होती. आम्ही तिघे त्याच रांगेत बसलो. माझा नंबर आल्यावर मदतनीस बाईंनी माझ्या पाठीमागे डोकावून बाळ कुठे आहे असे विचारले. मीच आहे, असे सांगताच त्यांनी जास्त विचार न करता तोंडात टाकायच्या थेंबांची बाटली उचलली. त्यात जिवंत जंतू असल्याने मी तोंड घट्ट मिटले. त्यांना अशा लाभार्थ्यांची सवय असल्याने माझे दोन्ही गाल दाबण्यात आले. मी मान फिरवली म्हणून वाचलो. समोरच्या बाकावरील एका बाळाला हे पाहून फार आनंद झाला.

आवाज ऐकून परिचारिकाबाई आतून आल्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पेशी कोणी दिल्या असे विचारले. मी 'सिस्टरने' असे उत्तर दिले. त्या आपल्यासारखीच कुणी परिचारिका समजल्या व कोणत्या वॉर्डातली, असे विचारू लागल्या. बहिणीला पुढे करून हा घोळ मिटवला.

४. वजन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असा नियम मदतनीस बाईंनी दाखवला. केंद्रात काटा एकच, तान्ह्या बाळांचा. त्यात बसू नये असे माझा धंदा मला सांगत होता. परंतु सरकारी कामात अडथळा नको म्हणून बसलो. काटा गेला. तो मी तिथेच, बाळांच्या देखत, विनामोबदला दुरुस्त केला. पूर्वी तो वजन जरा जास्त दाखवत असे. आता खरे दाखवतो, त्यामुळे काही आया माझ्यावर नाराज आहेत. माझे वजन मी तोंडी सांगितले : एकाहत्तर किलो.

५. संगणक माझी जन्मतारीख घेईना. परिचारिकाबाईंनी विचार करून रोपणाची तारीख घातली, ती त्याने आनंदाने घेतली आणि आईचे नाव मागितले. बहीण म्हणाली, माझे घाला, रक्त माझे आहे. यावर आईने पिशवी खाली ठेवली. "नऊ महिने मी वाहिलाय याला," ती म्हणाली. "तू दिलंस ते एका दुपारचं काम." बहीण म्हणाली, "पण वाचला कुणामुळं?" खोलीतील बाळे रडायची थांबली. अखेर आईच्या रकान्यात आई व पालकाच्या रकान्यात बहीण अशी तडजोड झाली. ती दोघींनाही मान्य नाही.

६. महोदय, येथवर परिचारिकाबाईंनी मला लस देईन असे म्हटले नव्हते. वरून विचारावे लागेल, असेच त्या सांगत होत्या. मग मी त्यांना रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या शिंपीमामांची हकीकत सांगितली, ती आपल्यालाही सांगणे भाग आहे.

शिंपीमामांना त्यांच्या भावाच्या पेशी दिल्या होत्या. त्या माझ्याआधी रुजल्या व मामा माझ्याआधी घरी गेले. जाताना त्यांनी वितीने माझे खांदे मोजले आणि बरा होऊन ये, सदरा शिवून ठेवतो, म्हणाले. त्यांच्याकडेही अशीच चिठ्ठी होती. ते एका केंद्रात गेले. ही लहान मुलांची जागा आहे, असे त्यांना सर्वांसमोर सांगण्यात आले. ते लाजाळू होते. चिठ्ठी घडी करून खिशात घातली व पुन्हा गेले नाहीत. थंडीत न्यूमोनिया झाला आणि गेले. लस घेतली असती तर टळण्याची बरीच शक्यता होती, असे डॉक्टरबाईंचे मत आहे. त्या आम्हा रुग्णांच्या बैठकीत म्हणाल्या, "रोपण आपल्याकडे चांगलं होतं. माणूस बरा होऊन घरी जातो, आणि तिथं आपण त्याला हरवतो." रुग्णालयाच्या हिशेबात मामांचे रोपण यशस्वी आहे. मामींना हे समजावणे मला जमलेले नाही.

हे ऐकून परिचारिकाबाईंनी लशीची कुपी उघडली. मग त्यांनी एवढेच विचारले, "हत्यार कुठल्या हातानं धरता?" मी उजव्या म्हणालो. त्यांनी डाव्या दंडात सुई दिली.

७. यानंतर आपल्या कार्यालयाच्या संगणकात सव्वा वर्षाच्या बालकाचे वजन एकाहत्तर किलो असल्याचे निदर्शनास आले व तपासणी पथक आमच्या घरी आले. बाळाला काय खायला घालता, असे त्यांनी माझ्या पत्नीस विचारले. तिने मला बाहेर बोलावले. पथकाने चहा घेतला, परंतु अहवाल गंभीर लिहिला. परिचारिकाबाईंना नोटीस गेली आणि त्यांना केंद्रातून उठवून भांडारात कापसाची बंडले मोजायला बसवण्यात आले. आता केंद्रात सुई द्यायला कोणी नाही. त्याच आया, त्याच मांडीवर तीच बाळे घेऊन परत जातात.

८. तरी विनंती की, नोटीस मागे घेऊन बाईंना केंद्रात परत पाठवावे. शासनाची एक मात्रा वाया गेली असे आपले म्हणणे असल्यास ती माझ्याकडून वसूल करावी. मी हजर आहे. मात्र ती आता बहिणीच्या रक्तात मिसळली असल्याने तिची संमती घ्यावी लागेल, आणि पालकाच्या रकान्यापासून ती कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही.

९. माझ्यासारखे रोपण झालेले आणखी चौघे या शहरात आहेत : एक शिक्षिका, एक पाववाला, एक निवृत्त पोस्टमन व एक वकील. सर्वांकडे चिठ्ठ्या आहेत, आणि सर्वांना एकदा तरी परत पाठवलेले आहे. आम्हा मोठ्या बाळांसाठी आठवड्यातील एक दुपार ठरवून मिळावी.

१०. आदेश निघेपर्यंत आम्ही पाचही जण येत्या गुरुवारपासून आपल्या कार्यालयाबाहेरील बाकावर बसणार आहोत. घोषणा देणार नाही. रस्ता अडवणार नाही. मोर्चा, उपोषण यांना परवानगी लागते, हे वकिलांनी सांगितले आहे. परंतु रक्ताने आमच्यातील सर्वांत थोरला अद्याप दोन वर्षांचा नाही, आणि त्या वयात रडण्यास कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही, असेही त्यांचे मत पडले.

कळावे,

आपला नम्र व रक्ताने अल्पवयीन,
(सही)
वजनकाटे दुरुस्त करणारा,
भाजीबाजारामागील शेवटचा गाळा
दिनांक : सोमवार

सोबत :
१) डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीची प्रत.
२) आईचे व बहिणीचे निवेदन (स्वतंत्र, एका कागदावर सही करण्यास दोघींनी नकार दिला).
३) शिंपीमामांची चिठ्ठी, मूळ प्रत. मामींनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. काम झाल्यावर त्यांना परत हवी आहे.