आई डाव्या कानात

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज). इकडे सगळे ठीक. तुझी तब्येत, भाऊजींचा गुडघा आणि तुमच्या इमारतीतली कायम बंद पडणारी लिफ्ट, तिघांचीही खुशाली कळव. बाबांबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पुढचं पत्र फाडून टाकीन, ही तुझी दीड वर्षापूर्वीची अट मी विसरलेलो नाही. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र बाबांबद्दल नाही. ते आवाज जोडायच्या एका सॉफ्टवेअरबद्दल आहे. त्यात बाबा अधूनमधून येतील, पण घर त्यांचंच आहे, त्यांना कुठे हाकलू?

झालं असं की गेल्या महिन्यात बाबांच्या कामाच्या टेबलाचा खालचा खण अडकला. तो मी ओढून काढला (पाठ तेव्हाच धरली), तर घड्याळांच्या स्क्रूंच्या डब्यांमागे दोन कॅसेट निघाल्या. एकीवर आईचं अक्षर, दुसरीवर बाबांचं, आणि दोन्हींवर तुझं नाव. तू पहिल्या नोकरीला गेलीस त्या वर्षी दोघांनी तुला बोलकं पत्र पाठवायचं ठरवलं होतं. आई म्हणाली, मी स्वयंपाकघरातून हलणार नाही. बाबा म्हणाले, मी टेबल सोडणार नाही. त्यामुळे दोन रेकॉर्डर आणले गेले, आणि दोघं आपापल्या जागेवरून, मधल्या उघड्या दारातून एकमेकांशी बोलत तुझ्याशी बोलले. मग कोणाची कॅसेट आधी ऐकायची यावरून त्यांचं वाजलं आणि पत्र खणात पडलं ते पडलंच. बाबांनी कॅसेट हातात घेऊन बराच वेळ उलटीपालटी केली. मग एवढंच म्हणाले, "दोघांचं एकत्र ऐकायला मिळेल का रे?" आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणून बसलो.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ध्वनिमुद्रक राहतात, त्यांना सगळे आवाजवाले म्हणतात (ते स्वतः फारसं बोलत नाहीत). त्यांनी दोन्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या आणि सॉफ्टवेअर दाखवलं. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एकीखाली एक. प्रत्येक पट्टी म्हणजे एक ट्रॅक, म्हणजे एकेकटा आवाज, त्याला मोनो म्हणायचं. दोन्ही निवडून एक हुकूम सोडला की त्यांचा मिळून एक स्टिरिओ होतो. वरची पट्टी हेडफोनच्या डाव्या कानात जाते, खालची उजव्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, असं ते म्हणाले. मला सतरा दिवस लागले.

पहिली अडचण, दोघांनी रेकॉर्डर एकाच क्षणी सुरू केले नव्हते (ते दोघांनी एकाच क्षणी काहीही केल्याचं तुला आठवतं का?). पट्ट्या जुळवायला दोन्हींत ऐकू येईल असा एखादा आवाज शोधा, असं आवाजवाल्यांनी बजावलं होतं. आपल्या घरात ते काय अवघड? दोन्हीकडे घड्याळ पाचचे ठोके देत होतं. ठोक्यावर ठोका बसवला आणि ऐकलं, तर बाबांनी विचारायच्या आधीच आई उत्तर देत होती. मला यात काहीही वावगं वाटलं नाही. तुझ्या भावजयीलाही वाटलं नाही. उलट ती म्हणाली, अगदी सासूबाई समोर बसल्यासारखं वाटतंय. दोन दिवस आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आई म्हणते, रुमाल डाव्या खिशात आहे, आणि त्यानंतर अकरा सेकंदांनी बाबा शिंकतात. आई कितीही पुढचं बघणारी असली तरी हे जरा जास्तच झालं. मग डोक्यात प्रकाश पडला. स्वयंपाकघरातलं घड्याळ वेगळं आणि टेबलावरचं वेगळं, आणि गावभरची घड्याळं बरोबर करणाऱ्या त्या माणसाच्या घरात दोन घड्याळांचं कधी एकमत नव्हतं. शेवटी मी ठोके सोडले आणि शिंक धरली.

दुसरा प्रश्न, वर कोण आणि खाली कोण. म्हणजे डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण. यावर मी चोवीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला शोभेल असा विचार केला. भिंतीवरचा आई-बाबांचा तो फोटो आठव. त्यात आई डावीकडे आहे. मी कपाटातले बाकीचे फोटो काढून पाहिले, सगळ्यांत डावीकडे. म्हणून आईची पट्टी वर ठेवली (घरातही तीच वर होती), बाबांची खाली, आणि हुकूम सोडला. ऐकलं तर काय सांगू तुला. डावीकडून आई, उजवीकडून बाबा आणि मधे मी, अगदी जेवायला बसलो आहोत असं वाटलं. मी थोडा रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं?

रविवारी सकाळी बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन चढवले. ते डोळे मिटून ऐकू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, चेहऱ्यावरची रेष हलेना. मधेच कपाळाला आठी पडायची. मला वाटलं, आवडलं नाही. सतरा दिवसांची मेहनत, पण शाबासकी देतील तर ते बाबा कसले, तुला ठाऊकच आहे. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "ती बोलत का नाहीये रे? माझ्यावर रागावली होती का त्या दिवशी?"

मी घाबरून हेडफोन माझ्या कानाला लावले. आई खणखणीत बोलत होती. पुन्हा त्यांना दिले. त्यांनी ते घाईत उलटे चढवले, डाव्याचं उजवीकडे. आणि ताई, त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी पाठदुखी विसरलो. आई त्यांना टाकून बोलत होती आणि ते हसत होते. तिनं म्हटलं, "पोरीला सांगा, घर रिकामं वाटतं म्हणून." यावर बाबांचं उत्तर आहे, "ते नको सांगू, ती काम सोडून परत येईल." पण ते आता त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचा स्वतःचा आवाज त्या कानात होता, जो तीस वर्षं बंद आहे.

होय. डावा कान. तू नोकरीला गेलीस त्याच्या आदल्या वर्षी तापात गेला, हे त्यांनी मग स्वतःच कबूल केलं. बहिऱ्या माणसाकडे टिकटिक करणारी वस्तू दुरुस्तीला कोण देईल, म्हणून त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. फक्त आईला माहीत होतं. ते प्रत्येक घड्याळ उजव्याच कानाला लावायचे, ती आपल्याला त्यांची ऐट वाटायची. आणि फोटोत आई डावीकडे दिसते ती आपल्याला, समोरून. प्रत्यक्षात ती त्यांच्या उजव्या हाताला उभी असायची. बसताना, चालताना, कुठेही. कोणी डावीकडून बोललं की तीच ते उजवीकडून पुन्हा सांगायची, आणि आपण म्हणायचो, ही बाई एकच गोष्ट दोनदा का सांगते. भूगोलाच्या मास्तराला नकाशाची डावी बाजू कळली, पण माणसाची कळली नाही. हाकेला ओ देत नाहीत म्हणून आपण सगळ्यांनी मिळून बाबांना हेकट ठरवलं, त्यात मी सर्वांत पुढे होतो, याची मला लाज वाटते.

बाकी विशेष काही नाही. आवाजवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, एका हुकुमात परत मोनो होईल, दोन्ही आवाज दोन्ही कानांत जातील. म्हणजे सतरा दिवस खपून केलेलं अर्ध्या मिनिटात मोडलं. बाबा आता रोज सकाळी ऐकतात आणि आईला उत्तरंही देतात. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि लिफ्टवाल्याला कळवायचं ते तू कळवशीलच.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक पेन ड्राइव्ह पाठवला आहे. तुझे दोन्ही कान शाबूत आहेत, म्हणून तुला स्टिरिओ. पत्र तुझंच आहे, फक्त जरा उशिरा पोहोचलं.

दुसरा ता. क. आई गेल्यावर चौथ्या महिन्यात तू आली होतीस. बाबांशेजारी खिडकीकडच्या खुर्चीत बसून म्हणालीस, बाबा, आता माझ्याकडे राहायला चला. ते हातातलं घड्याळ बघत राहिले, हो नाही की नाही नाही. तू दोनदा विचारलंस, बॅग उचललीस आणि गेलीस. ताई, खिडकी त्यांच्या डावीकडे आहे. त्या दिवशी पुन्हा सांगायला आई नव्हती. तू काय विचारलं होतंस ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तो प्रश्न तुझा आहे, तूच येऊन विचार.

तिसरा ता. क. खिडकीकडच्या खुर्चीवर मी भूगोलाच्या वह्यांचा ढीग रचून ठेवला आहे, तिथे कोणालाही बसता येणार नाही. आणि रागावू नकोस, पण तू शनिवारी येणार असं मी बाबांना सांगून टाकलं आहे. उजव्या कानात सांगितलं आहे, तेव्हा आता माघार नाही.