शेवटच्या तारखेच्या मुली

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दिवसभर मला शहागंजातलं आपलं शिलाईचं दुकानच दिसतंय. मी काउंटरमागे बसून ब्लाउजला हुक लावतेय. गुरुवारची संध्याकाळ आहे, तुम्ही शटर अर्धं ओढलंय आणि एक बाई धापा टाकत येते. तिला गुरुवारपर्यंत कपडे देतो म्हणाला होतात. दुकान बंद झालं, उद्या सुट्टी, परवा या, असं मी सांगून मोकळी होते. तुम्ही शटर पुन्हा वर करता आणि मला म्हणता, "जुमेरात तक बोले थे ना बेटा? जुमेरात अभी बाकी है."

आता मी गारखेड्यात एका ऑफिसात बसते. मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज कॉम्प्युटरवर येतात, त्यातले मुदतीतले निवडणारा प्रोग्राम माझा. यादी लागली, जागा वाटून झाल्या. आज सकाळी लासूर स्टेशनहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. शेवटच्या तारखेला दुपारी अर्ज भरलेला, यादीत नाव नाही. वडील म्हणाले, "म्याडम, पोरीनं तारखेतच भरला व्हता. इथं राहायला मिळालं नाय तर कॉलेज सुटंल तिचं." मुदत संपल्यावर भरला असेल, असं मी ठणकावून सांगितलं. माझा प्रोग्राम चुकत नाही, हा तोरा होताच.

ते गेल्यावर मन खायला लागलं. तपासलं, तर शेवटच्या दिवशी अर्ज भरलेली एकही मुलगी यादीत नाही. अर्जावर तारखेबरोबर वेळही नोंदली जाते. मी मात्र 'या तारखेपर्यंत' म्हणून नुसती तारीख दिली होती, आणि वेळ दिली नाही की कॉम्प्युटर त्या दिवसाची सुरुवात धरतो. म्हणजे शेवटचा दिवस उजाडायच्या आधीच माझी मुदत संपली होती. चाचणीला घातलेल्या खोट्या अर्जांना मी वेळच दिली नव्हती, म्हणून तेव्हा सगळं बरोबर दिसलं. शेवटच्या तारखेनंतरचा दिवस सुरू होण्याआधीचे सगळे अर्ज घे, एवढंच लिहायचं होतं. ते आता लिहिलं. पण जागा भरल्यात. साहेब म्हणतात, गवगवा करू नका, पुढच्या वर्षी बघू.

काही सुचत नाही हो अब्बा. रडूनही झालं. शटर मीच ओढलं, आणि वर करायला तुम्ही नाहीत. मघाशी मी लासूरच्या त्या मुलीला फोन लावला होता. तिच्या वडिलांनीच उचलला. "हां म्याडम, झालं का काही?" म्हणाले, आणि मी फोन ठेवून दिला.