भारी धान निघेपर्यंत

माय, तुला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि अजून दरवर्षी पितृपक्षातल्या नवमीला आपल्या घरी तुझं कौतुक होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ही नवमी. तिच्या नावानं एका सवाशिणीला पाटावर बसवायचं, पोटभर जेवू घालायचं, साडी-बांगड्या द्यायच्या, कुंकू लावायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, भाग्याची होती, कुंकू घेऊन गेली. बाबूजींनी एकही वर्ष चुकवलं नाही. दुसरं लग्नही केलं नाही. गावात त्यांचं नाव आहे त्याबद्दल. कुणाच्या घरी नवीन सून आली की तिच्या नवऱ्याला लोक सांगतात, बायकोवर माया करावी तर अशी. मी पेन्शनीत निघाल्यावर गावी परत आले ती त्यांना सांभाळायला, आणि गेली चार वर्षं या नवमीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे मेल्यावर माझं असं कौतुक व्हायची भीती नाही, एवढं एक बरं आहे.

यंदा पाटावर शेजारच्या काकूच होत्या. धानाच्या रोवणीत तुझ्या शेजारी वाकायच्या त्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत, दात नाहीत, काका अजून आहेत म्हणून दरवर्षी मान त्यांचाच. दहाबारा माणसं ओसरीवर होती. मी आत वडे तळत होते आणि बाबूजी तुझ्या फोटोकडे बघत एका भाच्याला सांगत होते, "मी तं नागपूरले नेतच होतो तिले. गाडी सांगून ठेवली होती. तिनंच म्हटलं, धान निंगू द्या, मंग जाऊ. आयकेच ना." माय, ही गोष्ट मी आजवर अनेकदा ऐकली आहे. आधी त्यात डॉक्टरच मिळाला नव्हता, मग रस्ता बंद होता. पण तुझ्या तोंडी ते वाक्य त्यांनी यंदा पहिल्यांदा घातलं. मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, "बाबूजी, ते वाक्य तुमचं आहे. मेलेल्या बाईच्या नावावर खपवू नका." भाच्यानं मोबाइल काढला. बाबूजी म्हणाले, "तुले काय मालूम? तू तं कानवेंटात होतीस." आणि काकूंनी वड्याचा तुकडा वरणात भिजवत ठेवला आणि म्हणाल्या, "मले जेवू दे वो बाई. तिच्या नावाचं हाये. अन् बोलाचं होतं तं तवा बोलाचं होतं, आता कायले बोलून राहिलीस?"

मी कॉन्व्हेंटात होते हे खरं. तूच घातलंस. बाबूजींचं म्हणणं होतं, गावची शाळा काय वाईट आहे. तू म्हणालीस, पोरगी चिखलात उतरणार नाही, आणि गोंदियाला सिस्टरांच्या दारात मला घेऊन जाऊन उभी राहिलीस. त्यांनी खुर्ची दिली तर तू खाली बसलीस आणि पदरातले पोहे त्यांच्या टेबलावर ठेवलेस. सुट्टीत मी तुला 'थँक्यू' शिकवलं. तू ते माणसांना कधी म्हटलं नाहीस, म्हशीला म्हणायचीस, दूध काढून झालं की तिच्या पाठीवर थाप मारून. "आपल्या घरात थँक्यू म्हनाजोगी तेच एक हाये," म्हणायचीस, आणि बाबूजी खाटेवरून ऐकायचे.

त्या पावसाळ्यात मी नववीत. एका शनिवारी घरी आले तर घराला कडी. मी तशीच दवनीवाड्याच्या रस्त्याकडच्या आपल्या धानाच्या बांदीत गेले, युनिफॉर्मवर, पांढरे मोजे हातात धरून. तुम्ही बायका ओळीनं वाकून रोवत आहात, मागे मागे सरकत आहात, तू सगळ्यांत पुढच्या टोकाला, कारण तुझ्या हाताची बरोबरी करणारी गावात कोणी नव्हती. तू ओळ सोडतेस. तू कधी ओळ सोडत नाहीस. बांधाच्या पलीकडे पाटाच्या पाण्यात उभी राहून लुगडं धुतेस आणि पाणी लाल होऊन वाहतं. मी बघते आहे हे तुला उशिरा कळतं. अंगावरून जात होतं तुझ्या, दोन महिन्यांपासून, थांबतच नव्हतं. मी विचारलं, मग घरी का बसत नाहीस? तू म्हणालीस, "चिखलात उभी राहिली का कोनाले दिसत नाही." आणि मला शपथ घातलीस, कुठे बोलू नको. सोमवारी मी शाळेत परत गेले. आमच्या वसतिगृहासमोर आवारातच सिस्टरांचा दवाखाना होता, सकाळी प्रार्थनेला जाताना रोज त्याच्या पायऱ्यांवरून आमची रांग जायची.

बाबूजींना तू रोवणीतच सांगितलं होतंस. ते म्हणाले होते, रोवणी होऊन जाऊ दे. रोवणी झाली. मग म्हणाले, आधी येणारं हलकं धान निंगू दे. दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा हलकं धान निघालं होतं, अंगणात त्याचा वास होता, आणि तुझं तोंड पिठासारखं पांढरं झालेलं. तू चुलीशी बसून भाकरी थापत होतीस आणि एका हातानं कंबर दाबून धरली होतीस. मी आतल्या खोलीत होते. तू म्हणालीस, "हलकं तं निंगलं. नेता का मले?" तू कधी काही मागायची नाहीस, म्हणून मी कान दिला. बाबूजी ताटावर होते. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "आता भारी धान निंगू दे. कापनीची मानसं कोन सांभाळन? धान निंगलं का मंग नेतो." ओरडून नाही, रागानं नाही. माझ्या नर्सच्या नोकरीत मी पुष्कळ नवरे पाहिले, मारणारे, दारू पिऊन वॉर्डात पडणारे, त्यांच्याशी कसं बोलायचं मला येतं. जेवता जेवता, मीठ मागावं तसं हे सांगणाऱ्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तू म्हणालीस, "बरं." आणि तव्यावरची भाकरी उलटलीस.

उशिरा येणारं भारी धानही निघालं. चुरणं, मळणी झाली. मग बैलगाडीत धानाच्या तणसाची गादी घालून तुला गोंदियापर्यंत नेलं, आणि तिथल्या डॉक्टरनं तपासून बाबूजींना बाहेर बोलावलं आणि घरी न्यायला सांगितलं. नागपूरची गाडी तुला दिसलीसुद्धा नाही, स्टेशन त्या दवाखान्यापासून इतकं जवळ असून. पौषात तू गेलीस. घरात पोत्यांची थप्पी आढ्याला लागली होती आणि माणसं तुला नेताना त्या पोत्यांमधून वाट काढत होती. त्या वर्षी धान चांगलं झालं, हे मला तेराव्याला चार जणांनी सांगितलं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी फळ्यावर तुझा आजार लिहिला. सगळ्या पोरी लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं. पहिलं लक्षण, दुसरं लक्षण, कंबर, तोंडाचा रंग, सगळं मला पाठ होतं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या दोनतीन महिन्यांत बाई आली तर पुष्कळ करता येतं. मी बोटांवर महिने मोजले. रोवणीतच दवाखान्यात आली असतीस तर वेळेत आली असतीस. त्या दिवशी मी ठरवलं की एक दिवस बाबूजींना हे समजेल, आणि समजावून सांगून नाही समजणार.

तो दिवस मिळायला इतकी वर्षं लागली, पण मिळाला. नवमीच्या तिसऱ्या दिवशी बाबूजी परसात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नव्वदीला टेकलेला माणूस, हातात काठी, धोतर बदललेलं. दोरीवर आधीचं धोतर वाळत होतं, त्यांनी स्वतः धुतलेलं, आणि डाग गेला नव्हता. माझं अर्धं आयुष्य डाग ओळखण्यात गेलं आहे. ते म्हणाले, "बाई, तुले एक सांगाचं होतं. लघवीतून लाल जाऊन राहिलं. महिना झाला. कोनाले सांगू नको." मी म्हटलं, दुखतं? म्हणाले, "दुखते. नागपूरले दाखवाचं का?" मी कपड्यांचा चिमटा दोरीला लावला आणि म्हटलं, "धान निंगू द्या बाबूजी. मंग नेतो."

मी आयुष्यात गावच्या बोलीत बोलत नाही, सिस्टरांनी ती घासून काढली. पण ते वाक्य मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, त्यांच्याच आवाजात, शांतपणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ओळखू आलं, माय. मला वाटलं होतं ते ओरडतील, काठी उगारतील, निदान मला बोल लावतील. ते म्हणाले, "बरं." आणि वळून घरात गेले.

तेव्हापासून आज अकरावा दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ ते काठी टेकत बांदीवर जातात आणि बांधावर बसून लोंबी हातात घेऊन बघतात. धानाकडे असं आशेनं बघताना मी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हलकं तं दसऱ्याच्या पुढं निंगून जाईन. मंग जाऊ का?" मी म्हटलं, "भारी निंगू द्या. कापनीची मानसं कोन सांभाळन?" आपल्याकडे आता भारी धान लावतच नाहीत, आपली सगळी बांदी हलक्याची आहे. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. त्यांनी काठी उचलली आणि बांदीकडे निघाले. मला बरं वाटलं, आणि रात्रीचं जेवण नीट गेलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. काकूंनी परवा कुंपणावरून विचारलं, "बुढा रोज बांदीवर काऊन जाऊन राहिला? धानाले नजर लावते का?" मी म्हटलं, वाट बघतात. काकू म्हणाल्या, "कोनाची?" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू नरस होतीस ना वो? तुले पगार कायचा भेटत होता?" ही बाई काय काय ओळखते, मला माहीत नाही.

मला माहीत आहे की अकरा दिवसांनी काय बिघडतं आणि महिन्याभरानं काय बिघडतं. हेच तर त्यांच्यात आणि माझ्यात वेगळं आहे. त्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. मला दर दिवसाचा हिशेब येतो. शिवाय ही नवमी नवरा असेपर्यंतच असते. ते गेले की तुझं पान बंद. तुझं भाग्यसुद्धा त्यांच्या श्वासाला बांधून ठेवलेलं आहे, असा हा धर्म. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं मी त्यांना नागपूरला नेते आहे. माझ्या जुन्या डॉक्टरांशी बोलले, वेळ घेतली, पिशवी भरली. खिडकीची जागा त्यांना आहे. ती तुझी होती, हे मी गाडी सुटल्यावर त्यांना सांगणार आहे, आणि नागपूर येईपर्यंत त्यांना उठून जाता येणार नाही. अजून त्यांना काही कळवलेलं नाही. आता संध्याकाळ होते आहे, ते बांदीवरूनच आले, पाय धुऊन ओसरीवर बसले आहेत. आजची एक संध्याकाळ त्यांनी भारी धानाची वाट पाहावी. तू दोन महिने पाहिलीस.

हे पत्र त्यांच्या जुन्या रिपोर्टांच्या फाइलीत ठेवते. इंग्रजी कागद असतात म्हणून ते ती फाइल कधी उघडत नाहीत.

एक राहिलं. काकू त्या दिवशी म्हणाल्या ना, तेव्हा बोलायचं होतं. त्या शनिवारनंतर मी रोज त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरून गेले, पावसाळाभर. आतल्या सिस्टर मला नावानं ओळखायच्या. तुझी शपथ होती, आणि शपथेपेक्षा जास्त म्हणजे, चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईची मी मुलगी, हे तिथे कळू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या आजाराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. त्या सिस्टर मराठी बोलायच्या, माय. चांगली बोलायच्या.