मुख्य चालकाचा रकाना

१२ ऑगस्ट

गाडी बुक करायला बसलो. बसलो म्हणजे तिघी तीन घरांत, एका फोनवर. मी मुलुंडला, शुभदा कांदिवलीला, नलू मरोळला. जपानला पोचल्या पोचल्या गाडी हातात हवी, म्हणून आधीच. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना : मुख्य चालकाचं नाव.

शुभदा म्हणाली, "नलूचं टाक."
नलू, "माझं? माझं का? उमीचं टाक, तिच्या घरी गाडी आहे."
मी, "गाडी विनयची आहे. मी तिच्यात भाजीच्या पिशव्या ठेवते."

मग फक्त नलूकडचा पंखा ऐकू येत होता.

लायसन्स तिघींकडे आहे. सव्वीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी काढलेलं, वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. शुभदा ते बँकेत दाखवते, नलू विमानतळावर, मी पोस्टात. फोटो आधारपेक्षा बरा आहे, म्हणून. गाडी एकीलाही येत नाही. आणि प्रत्येकीला इतकी वर्षं खात्री, की दुसरीला येते!

फॉर्म अर्धवट सोडला.

१३ ऑगस्ट

विनयला सांगितलं. नवरा या नात्याने धीर देईल असं वाटलं होतं. इतका हसला की चहा शर्टावर. "उमा, अगं रिक्षा ओव्हरटेक करायला लागली की तू डोळे मिटतेस." मग, "टूरबरोबर जा की. सकाळी पोहे, रात्री वरण-भात. गाइडसुद्धा मराठी."

हो. आणि पुढे छत्री उंच धरलेला एक इसम, मागे चाळीस टोप्या, आणि लाल झाडाखाली बारा मिनिटं फोटोसाठी. त्यापेक्षा मुलुंडच्या भाजीगल्लीत टोमॅटो बघेन. तेही लालच.

चीड आली आहे. विनयची कमी, माझी जास्त. पण ते त्याला सांगणार नाही.

१७ ऑगस्ट

नलूने ते पान फोटो काढून पाठवलं. पॉलिटेक्निकच्या कँटीनमधल्या कॅलेंडरचा ऑक्टोबर. घाटातला रस्ता, दोन्हीकडे लालभडक झाडं, रस्त्यावर एक पांढरी गाडी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जपान'. नलूने ते ब्लेडने कापलं होतं, मी कँटीनवाल्याला बोलण्यात गुंतवलं होतं, शुभदा दाराशी उभी राहून रडकुंडीला आली होती. तेव्हाच ठरलं. नोकरी लागली की. मग लग्न झालं की. मग मुलं दहावी झाली की. मग सासूबाई. मग लॉकडाऊन. मग शुभदाचे यजमान गेले, आणि दोन वर्षं कुणी विषयच काढला नाही. यंदा तिनेच काढला.

पानावर आता चहाचे तीन डाग. गाडी अजून पांढरी.

तिघींचं मिळून गाडीतलं आयुष्य एका वाक्यात : मागची सीट, मधली जागा, पाय त्या उंचवट्यावर, मांडीवर कुणाचं तरी पोर नाहीतर नारळाची पिशवी. शंभर ठिकाणी नेलं आम्हाला. नेलं. गेलो असं एकदाही नाही.

म्हणून ड्रायव्हर नको. एवढं एकच पथ्य.

२४ ऑगस्ट

शुभदा गणपतीला गावी गेली. "आल्यावर बघू गं," म्हणाली. तिचं 'बघू' मला माहीत आहे.

१ सप्टेंबर

संताप. अक्षर बघा.

सकाळी आमच्या तिघींच्या ग्रुपवर चौथा माणूस. सुहास. शुभदाचा मोठा भाऊ. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्त, आणि तेव्हापासून इतरांच्या आयुष्यात पूर्णवेळ रुजू. दुपारपर्यंत 'लाल झाडं' हे ग्रुपचं नाव जाऊन 'जपान विथ सुहासदादा' झालं. शेजारी जपानचा झेंडा आणि हात जोडलेले.

मेसेज : "भगिनींनो, टेन्शन नॉट. लेह केलंय, स्पिती केलंय. तुमचा सारथी हजर आहे."

शुभदाला फोन केला. मागे आरती चालली होती, ती ओरडून बोलत होती. "अगं, पंगतीत विषय निघाला. दादा म्हणाला मी येतो. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी काय बोलणार? वाढत होते मी!"

वाढत होती. हेच. बाई वाढत असताना तिच्या आयुष्याचे निर्णय पानात पडतात आणि ती विचारते, अजून आमटी हवी का.

२ सप्टेंबर

रात्रभर विचार करून (म्हणजे दोनदा उठून फ्रीज उघडून) सकाळी लिहिलं : तो आला तर मी नाही.

नलूचा लगेच फोन. तिच्या कंपनीत ती क्वालिटी बघते, त्यामुळे बोलण्यात एक शब्द फालतू नसतो. "धमकी देऊन काय होणार? गाडी कोण चालवणार ते सांग."
"मी."
"कधी शिकणार?"
"दसऱ्यापर्यंत."
"आम्हाला बसवून दाखव. जमलं तर शुभदा दादाला नाही म्हणेल. मी तिच्याकडून कबूल करून घेते."

मुख्य चालकाच्या रकान्यात माझं नाव टाकलं. सबमिट. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

९ सप्टेंबर

पहिला धडा. मोटर ट्रेनिंगवाले शेखसर, साठीचे, पांढरी दाढी, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. "लायसन है? फिर सीखना क्यों है?" मी म्हटलं, लायसन्स आहे म्हणूनच. त्यांना पटलं. माझ्यासारख्या पुष्कळ येतात म्हणाले. मुंबईत किती बायकांच्या पर्समध्ये ही न वापरलेली परवानगी पडून असेल!

क्लच सोडला की गाडी उडी मारते आणि मरते. अकरा वेळा मेली. जपानच्या गाडीला क्लच नाही, हे सरांना सांगून पाहिलं. "पहले इसको तो मनाओ."

१६ सप्टेंबर

एका टेम्पोवाल्याने काच खाली करून सांगितलं, "आंटी, घर पे कुकर की सीटी हो रही होगी." मी काच खाली करून जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. शेखसर इतकंच म्हणाले, "मॅडम, गाडी पे ग़ुस्सा मत निकालो. गाडी सुनती है."

तिकडे सुहासदादांचा दिनक्रम आला. पीडीएफ. तिसरा दिवस : गुजराती थाळी. चौथा : 'लेडीज शॉपिंग'. घाटातला रस्ता कुठेच नाही. विचारलं तर, "अहो उमाताई, तो रूट रिस्की आहे. झाडं काय, हॉटेलच्या बागेतपण असतात."

मी अंगठा पाठवला. कुठला अंगठा ते त्याला कळलं नसेल.

२५ सप्टेंबर

रिव्हर्स जमलं. कुणाला सांगू? विनयला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "खरंच?" आणि सोसायटीतल्या गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. हसला नाही. मलाच भरून आलं, म्हणून मी त्याला दुधाची पिशवी आणायला पिटाळलं.

२ ऑक्टोबर, दसरा

शेखसरांच्या गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर हळद-कुंकू. सर मुसलमान, हार त्यांनीच आणलेला. चारी चाकांखाली लिंबं. "चलो, फोड दो." फोडली. चारी. आवाज इतका मस्त येतो हे मागच्या सीटवर कधी कळलं नव्हतं.

नलू दीक्षाभूमीला, नागपूरला. परीक्षा रविवारी.

५ ऑक्टोबर

परीक्षा. मुलुंडहून निघाले, शेजारी शेखसर. मरोळला नलूला घेतलं. पुढे पुलाच्या चढावर सिग्नलला गाडी बंद. मागे सगळी मुंबई हॉर्नवर. पुन्हा चालू, पुन्हा बंद. गाडी मागे घसरायला लागली. सरांचा पाय हलला आणि मी ओरडले, "नको! ब्रेक नको!" हँडब्रेक, क्लच अर्धा, श्वास बंद. गेली. चढली. नलू मागून इतकंच म्हणाली, "पास."

कांदिवलीला शुभदा गेटवर उभी होती. पुढे बसायला सांगितलं. सर मागे गेले. लिंक रोडला तिने काच खाली केली, हात बाहेर काढला. मग, "उमे, हंप नाही गं इकडे पायाखाली."

परत सोडताना म्हणाली, आज रात्रीच दादाला सांगते.

१४ ऑक्टोबर

इंटरनॅशनल परमिट आलं. राखाडी पुस्तिका, आत माझा फोटो. यात मात्र भयंकर.

शुभदाने अजून सांगितलेलं नाही. "दिवाळी होऊ दे, त्याचं मन मोडतं." सुहासदादा ग्रुपवर थर्मल कपड्यांच्या लिंक टाकतायत. नलू म्हणते, आपण सांगूया. मी म्हणते, नाही. तिचा भाऊ, तिचं तोंड.

भांडलो. मी बोलू नये ते बोलले : "तू नवरा गेल्यावर भावाच्या पदराखाली गेलीस." तिने फोन ठेवला. बरोबर ठेवला.

१५ ऑक्टोबर

झोप नाही म्हणून खरं लिहिते. सव्वीस वर्षांपूर्वी या दोघींना मीच मोटर ट्रेनिंगला नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी मास्तर म्हणाले, शिकायचंय की फक्त लायसन्स? शुभदाला शिकायचं होतं. तिने तसं सांगितलंही. मीच म्हणाले, "शिकून चालवणार कुठे आपण? कागद घे आणि चल, घरी पाहुणे आहेत." आणि ती आली. माझ्या सांगण्यावरून.

तर मी कुणाच्या पदराबद्दल बोलतेय?

तिला मेसेज केला : चुकले. उत्तर, तासाभराने : "दिवाळीचा फराळ घेऊन ये. चकली तुझी नको, नलूची."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

शुभदाने आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं होतं. साक्षीदार म्हणून, असं मला वाटतं. ओवाळलं, सुपारी फिरवली. सुहासदादांनी तबकात पाकीट टाकलं आणि म्हणाले, "उघड, उघड, सर्प्राइज!"

आत त्यांचं तिकीट. टोकियो. आमच्याच विमानाचं.

ओवाळणी! भावाने बहिणीला दिलेली भेट म्हणजे तो स्वतः! मी तोंड उघडलं, नलूने माझ्या पायावर पाय दिला. शुभदा तबक घेऊन उभी. निरांजन हलत होतं. तिच्या तोंडून मालवणी निघालं, म्हणजे खरं निघालं. "दादा, तुका कोणी सांगल्यान तिकीट काढूक?"

"अगो, तुमी तिघी बायको, परदेशात..."

"तिघी आसव. गाडयेत तिघींचीच जागा आसा. गाडी उमा चालवतली."

सुहासदादा हसले. "उमाताई? बरां बरां. थयसर पोचलांव की बघू."

पुन्हा 'बघू', तेही तिथे पोचल्यावर. खानदानी आहे.

तिकीट तिने तबकातच ठेवलं. त्यांनी उचलून खिशात घातलं. फराळ सगळ्यांनी केला. मी एकही चकली खाल्ली नाही, निषेध म्हणून. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

२७ ऑक्टोबर, सहार विमानतळ

निघालो! कॅलेंडरचं पान नलूच्या पासपोर्टच्या कव्हरात. शुभदाच्या हँडबॅगेत चार लिंबं, "चाकाखाली घालायला". फळं नेता येत नाहीत, असं सांगितल्यावर तिने ती तिथल्या सफाईच्या बाईला दिली, "पोह्यावर पिळा हो," म्हणून.

विमानात सुहासदादा आमच्या मागच्या तिसऱ्या रांगेत. गळ्यात मानेची उशी, हातात पीडीएफ. मध्येच येऊन म्हणाले, "उमाताई, दडपण घेऊ नका. किल्ली माझ्याकडे द्या, तुम्ही बाहेर बघा."

आयुष्यभर बाहेरच बघत आले, भाऊ.

२८ ऑक्टोबर, गाडी भाड्याने देणाऱ्यांचं आवार

ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितेय. गाडी पांढरी. आम्ही मागितली नव्हती, मिळाली. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला, मुख्य चालक या रकान्यावर बोट ठेवलं. मी सही केली. सुहासदादा बाजूने म्हणाले, "आय ॲम द ड्रायव्हर." तिने त्यांच्याकडे बघून कमरेत वाकून नमस्कार केला आणि किल्ली मला दिली. दोन्ही हातांनी.

नलू पुढे बसली आहे. पान डॅशबोर्डवर. समोरच्या दुकानातून शुभदाने एकच लिंबू आणलं, कागदात गुंडाळलेलं, दागिन्यासारखं. पुढच्या उजव्या चाकाखाली स्वतः ठेवलं.

आता ती बाहेर उभी आहे. तिचा भाऊ समोर, बॅग पायाशी, हात पुढे. दोघं लांब आहेत, ऐकू येत नाही. तो बोलतोय, ती मान हलवतेय. हो म्हणून की नाही म्हणून, एवढ्याशा आरशात कळत नाही. मागचं दार उघडं आहे. मागे तिघांची जागा आहे, मधला उंचवटासुद्धा.

नलू म्हणाली, "हॉर्न वाजव."

नाही वाजवणार. तिला जितका लागेल तितका वेळ.

इंजिन चालू केलं आहे. पाय ब्रेकवर.