बांधावरची बाई

कोडोली,
१२ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती कपाटात?

काकांच्या इतिहास मंडळानं दोन फेब्रुवारीला त्यांची स्मरणसभा ठेवलीय. मला बोलायला सांगितलंय आणि तिथंच अडलंय. बनाबाईंच्या शेताच्या बांधावर वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड. गुरं वाचवताना मेलेल्या पुरुषाचा तो, असं काकांनी पुस्तिकेत छापलंय. मी ऑक्टोबरात तिरप्या उन्हात पाहिला, तर मानेवर अंबाडा, मनगटांत बांगड्या. दगड बाईचा आहे. काकांना भीत भीत सांगितलं, तर बघू म्हणाले आणि विषय बदलला. महिन्याभरात तेच गेले.

लेख तयार आहे. पण माझ्यासारख्या प्राथमिक शाळेतल्या बाईला दगडाकडं बघायला त्यांनीच शिकवलं. माझं पहिलं टिपण चार वेळा तपासलं, आणि चारही वेळा पुन्हा लिही म्हणाले. आता ते उत्तर द्यायला नसताना मी त्यांची चूक काढू? लेख ठेवून देते, सभेत चार गोड शब्द बोलते. तुला काय वाटतं ते कळव.

तुझीच,
इरावती


कोल्हापूर,
१७ जानेवारी

चि. इरावतीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तसाच आहे. आता ऐक.

तू सांगितलंस त्यानंतर तुझे काका दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आमटी खारट झाली म्हणून ताट सारलं. मीठ बेताचंच होतं. तिसऱ्या दिवशी बँकेत जातो म्हणून गेले, ते अंधार पडल्यावर पायजमा चिखलानं माखून आले. ब्याऐंशीव्या वर्षी एकटे एसटीनं कोडोलीला! मी चांगलीच भांडले, तर हे हसायला लागले. म्हणाले, पोरगी बरोबर आहे, कलत्या उन्हात अंबाडा दिसतो, मी चाळीस वर्षं भर दुपारीच जात होतो. मग इरावतीला तिथंच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर चूक तोंडी कबूल करायची नसते, लिहून द्यायची असते, म्हणे. तो कागद लिहायचा राहिला. अंथरूण धरलं ते धरलंच.

तू गप्प बसलीस तर ती चूक कायमची त्यांच्या नावावर राहील. माझ्या नवऱ्याला चुकलेला ठेवू नकोस.

घरात सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी


कोडोली,
४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वाचला लेख! निम्म्यात आले होते तोवर काकांचे जुने सोबती सयाजीराव उठले आणि मोठ्यानं म्हणाले, ह्या पोरीला आजचाच दिवस घावला व्हय? मग पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि वाचलं, मिठासकट. सभागृह हसलं. सयाजीरावांनी फोटो मागून घेतला, चष्मा पुसून कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, व्हय की, अंबाडाच हाय. मंडळ लेख छापणार आहे. तुझं पत्रही सोबत देऊ का?

बनाबाई आल्या होत्या. दर वर्षी आम्ही त्या दगडाला टोपी-टॉवेल वाहतो, आता तिला काय वाटत आसंल, म्हणून डोळ्याला पदर लावला. येत्या रविवारी गावातल्या बायका मिळून तिची ओटी भरणार आहेत.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
इरावती


कोल्हापूर,
६ फेब्रुवारी

चि. इरावतीस,
अ. उ. आ.

पत्र छाप. मिठाचं गाळू नकोस.

बावन्न वर्षं ह्यांच्या कागदांवरची धूळ झटकली, पण एकही दगड पाहिला नाही. त्यांनी चल म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. रविवारी येते आहे. खण मीच घेतलाय, हिरवा, नारायणपेठी काठाचा. विधवा बाई ओटी कशी भरते, असं कुणी विचारलं तर तू मध्ये पडू नकोस. त्यांना माझ्याकडं पाठव.

स्टँडवर घ्यायला ये.

तुझी,
मावशी