क्लेटनच्या दुकानातलं एक मिनिट

मी, युनिस पास्कल डाबरे, वय ६८, मूळ गाव गास, तालुका वसई, हल्ली राहणार केंब्रिज, ऑन्टारियो, हे माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी फुप्फुसं निकामी झाली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत दिली आहे. माझं याआधीचं मृत्युपत्र म्हणून कुणी काही कागद पुढे केला तर तो फाडून टाकावा. मी तसा कागद केलेला नाही, पण धाकट्या दिरावर माझा विश्वास नाही.

हे मराठीत लिहायचं कारण माझा एकुलता एक मुलगा ऍलन. त्याला मराठी ऐकून कळते, पण वाचता येत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला समोर बसवून हे मोठ्याने वाचावं लागेल आणि त्याला ते घडी करून खिशात घालता येणार नाही. वाचण्याचं आणि हे सगळं अमलात आणण्याचं काम मी छाया जगदाळे हिच्यावर सोपवते. मोटारींच्या कारखान्यात आम्ही दोघी बावीस वर्षं शेजारी शेजारी वेल्डिंगला उभ्या होतो. छाया, सावकाश वाच. जिथे मी चिडले आहे तिथे तूही चीड.

कलम १. राहतं घर माझी नात अबोली, म्हणजे ऍलनची मुलगी, वय ११, हिला द्यावं. ती अठरा वर्षांची होईपर्यंत छायाने ते सांभाळावं. बँकेत जे असेल त्यातून मला पुरावं, उरेल ते अबोलीच्या शिक्षणाला. ऍलनला या घरातला खिळासुद्धा नाही. कारण कलम ५ मध्ये आहे. त्याने छायाला पानं उलटायला लावू नयेत.

कलम २. शिवणकामाची मोठी काळी कात्री क्लॅरिसा बायर्ड यांच्या मुलीला परत करावी. १९९२ साली मी या देशात आले तेव्हा तीन महिने मला कुणी दारात उभं केलं नाही. क्लॅरिसाबाईंनी केलं. नोव्हा स्कोशियातून आलेली ही कृष्णवर्णीय बाई. नर्सांचे गणवेश शिवायचं तिचं स्वतःचं दुकान होतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, काच फोडून एक वीट आत आली आणि बाईंच्या कपाळावर बसली. पांढऱ्या गणवेशांवर रक्त उडालं. बाहेर पिकअपमध्ये तीन जण हसत होते. दुसरी वीट माझ्या मशीनवर पडली. बाई उठल्या, ही कात्री मुठीत धरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत रक्त उतरत होतं, ते पुसलंही नाही. गाडी निघून गेल्यावर आत आल्या आणि म्हणाल्या, "युनिस, झाडू आण."

दुसऱ्या दिवशी कपाळाला टाके, खिडकीला पुठ्ठा. मी विचारलं, आज बंद ठेवायचं का? त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. नऊ वाजले होते. त्यांनी दार उघडलं.

कलम ३. माझी ध्वनिमालिका, म्हणजे पॉडकास्ट. तिचं नाव मी 'सकाळी नऊ' ठेवलं ते त्या दिवसावरून. कॅनडात स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे चाळीस भाग करायचे ठरवले होते, सव्वीस झाले. माणूस शोधणं, त्याच्यामागे लागणं, कॅल्गरीपर्यंत जाणं, रेकॉर्डिंग, काटछाट आणि माझ्या वसईच्या इंग्रजीत निवेदन, सगळं मी एकटीने केलं. निवेदन कपाटात हिवाळ्याच्या कोटांमध्ये बसून करायचे, कारण कोट आवाज गिळतात. पॅरिशच्या जेवणात आपल्यातलाच एक जण मला म्हणाला, "आंटी, आपल्या लोकांवर कर की. त्यांच्यावर कसला प्रोग्रॅम करतेस?" मी विंदालूची वाटी त्याच्या मांडीवर उलटी केली. विंदालू गरम होतं आणि माझा हात घसरला नव्हता.

या कामातली एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. प्रत्येक मुलाखत संपल्यावर त्या खोलीची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून घ्यायची असते. पुढे बोलणं कापून जोडताना ती शांतता खाली अंथरली की जोड कळत नाही. माझ्या छातीची घरघर त्या शांततेत यायची, म्हणून मी यंत्र सुरू करून बाहेर जायचे. जाताना समोरच्याला बजावायचे, "एक मिनिट. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

मायक्रोफोन आणि हेडफोन अबोलीला द्यावेत. (हे आज, १४ एप्रिलला जोडलं: रेकॉर्डर माझ्याकडे राहिलेला नाही, तो कुठे गेला ते पुढे येईल.)

कलम ४. स्वयंपाकघरातलं शिसवी लाटणं कुणालाही देऊ नये. ते माझ्या शवपेटीत ठेवावं. फादरांनी विचारलं तर त्यांना हे कलम वाचून दाखवावं.

माझा बाप मला बैलाच्या आसुडाने मारायचा. मी आसूड वापरला नाही, एवढंच काय ते पुण्य माझ्या नावावर. ऍलनला मी पाचव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत या लाटण्याने मारलं. दूध सांडलं म्हणून, उलट बोलला म्हणून, गणित चुकलं म्हणून. मारण्याआधी म्हणायचे, "हात पुढे कर." मागे घेतला तर मोजणी पुन्हा एकपासून. नवव्या वर्षी त्याची करंगळी मोडली. हॉस्पिटलात मी सांगितलं, दारात सापडली. त्यानेही मान डोलावली. ती करंगळी आजही वाकडी आहे. मी पाळीवरून थकून यायचे हे खरं आहे, पण थकून तर छायाही यायची आणि तिने तिच्या पोरांवर कधी बोट उचललं नाही.

ऍलनला मराठीची चार-पाच वाक्यंच बोलता येतात. भूक लागली, झोप आली, देव बरं करो. आणि 'हात पुढे कर'.

कलम ५. क्लेटन यांच्या दुकानातलं रेकॉर्डिंग.

ब्रॅम्पटनमध्ये क्लेटनचं ट्रकच्या टायरांचं दुकान आहे. घरासमोर एका जॅकवर सुरुवात केलेला माणूस. टायरवरून नुसता उजवा तळवा फिरवून खिळा कुठे रुतलाय ते सांगायचा. मी पाच टायरांवर परीक्षा घेतली, एकदाही चुकला नाही. कुंपणापलीकडे ऍलनचं ट्रकचं आवार. कोपऱ्यातली जागा दोघांनाही हवी होती, मालकाने ती क्लेटनला दिली. त्याच रविवारी ऍलन माझ्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "मॉम, आय रन अ बिझनेस टू. तुझ्या शोमध्ये मी कधी?" मी म्हटलं, "क्लेटनने दुकान उभं केलंय. तू ट्रक उभे केलेस." तो ताट सोडून उठला. हे मी बोलले नसते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण बोलले.

मंगळवारी, २० फेब्रुवारी २०२४ रोजी, दुपारी तीन वाजता क्लेटनची मुलाखत संपली. मी यंत्र सुरू केलं, त्याला तोंड मिटायला सांगितलं आणि मागच्या जाड दारातून बाहेर हमरस्त्याच्या बाजूला गेले. थंडीने दम लागला, चार-पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. ट्रकच्या घरघरीत आतलं काहीच ऐकू आलं नाही. आत आले तेव्हा क्लेटन जमिनीवर होता, शेजारी टायर काढायची टॉमी पडली होती आणि त्याच्या उजव्या हाताला हात म्हणता येत नव्हतं.

घरी हेडफोन लावले. एकवीस सेकंद शांतता आहे. बाविसाव्या सेकंदाला पुढचं दार. बूट. मग आवाज, लोकरीच्या आडून आलेला: "दॅट कॉर्नर इज माइन." क्लेटन गप्प. त्याने नंतर मला सांगितलं, मशीन चालू होतं, तू बोलू नको म्हणाली होतीस, म्हणून मी नुसता तळवा वर करून थांब म्हटलं. "डोन्ट शो मी युअर हँड!" खुर्ची उलटी होते. लोखंड उचलल्याचा आवाज. पहिला घाव. क्लेटन ओरडतो. मग तो आवाज, न चिडता, दमलेला, अगदी माझ्या चालीत म्हणतो, "हात पुढे कर."

दुसरा घाव. "हात पुढे कर." तिसरा. क्लेटनने हात मागे घेतला असावा, कारण पुढे तो आवाज मोजतो: "वन." आणि पुन्हा मारतो. चौथ्या घावानंतर क्लेटनचा आवाज येत नाही. बावीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून कच्चं वेल्डिंग ओळखलं आहे. कुठली वस्तू पुन्हा जुळणार नाही हे मला कानाने कळतं.

पोलिसांना मी सांगितलं, यंत्र बंद होतं. क्लेटनने सांगितलं, तोंडावर लोकरीचा मुखवटा होता, ओळखता आलं नाही. त्याची दोन बोटं काढली, बाकीच्यांत पट्ट्या घातल्या. तीन आठवड्यांनी त्याने सकाळी नऊला दुकान उघडलं. मी चौदा महिने दर रविवारी त्याच्याकडे चिकन सूप नेलं. त्याचा भागही पूर्ण केला. जोडांखाली अंथरायला त्या दुकानाची शांतता हवी होती, तर त्याच रेकॉर्डिंगमधली पहिले एकवीस सेकंद घेतले आणि पुन्हा पुन्हा जोडत गेले. लोकांनी त्या भागाचं फार कौतुक केलं.

सबब, हे रेकॉर्डिंग माझ्या मृत्यूनंतर क्लेटन यांना द्यावं.

(वरील ओळ मी आज, १४ एप्रिल रोजी, खोडली आहे. पुढचं वाचावं.)

कलम ६. शेजारी हेरॉल्ड याने अकरा हिवाळे त्याच्या दारातलं बर्फ फावड्याने उपसून माझ्या दारात टाकलं. त्याला काहीही नाही. त्याला साक्षीदार करण्यात येत आहे, कारण वकीलबाई म्हणाल्या की माझ्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत, पण साक्ष ज्याने केली त्याला त्यातून काही मिळत नाही.

कलम ७. कलम ५ मधली ओळ का खोडली.

काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. चर्चमधल्या मिस्साहून ऍलन आणि अबोली जेवायला आले. अबोलीच्या कोपराने रश्श्याचं भांडं कलंडलं, टेबलक्लॉथ लाल झाला. ऍलन फक्त म्हणाला, "अबोली." एवढंच, आवाजही चढवला नाही. पोरीने मान भिंतीकडे वळवली आणि हात टेबलावर पुढे केला. तळवा वर. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ऍलनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. रस्सा टेबलावरून खाली ठिबकत होता. मी तो हात धरला, पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तो जराही कापत नव्हता. तिला सवय आहे.

मेल्यावर खरं सांगायचं ठरवणारी बाई भित्री असते, आणि मी चौदा महिने तीच होते. आज सकाळी बसने ब्रॅम्पटनला गेले आणि क्लेटनच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवून ते मिनिट लावलं. त्याने डावा हात टेबलावर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, "हा माझा मुलगा आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे. सहा वर्षं कुंपणापलीकडून हा आवाज ऐकतोय मी. मुखवटा तोंडाला होता, युनिस, आवाजाला नव्हता. नाव घेतलं असतं तर विचारलं असतं, पुरावा काय? पुरावा तुझ्याकडे होता. यू केप्ट ब्रिंगिंग मी सूप. दर रविवारी मला वाटायचं, आज पिशवीतून ते काढेल."

मग त्याने आज नेलेला सुपाचा थर्मास उचलून भिंतीवर फेकला. माझ्या कानापासून हातभर अंतरावर काच फुटली, गरम सूप मानेवर उडालं. मी हलले नाही. त्याला दुसरा फेकायला मिळाला असता तरी हलले नसते. धापा टाकत तो म्हणाला, "आता मशीन दे. आणि माझ्या भागात ते पूर्ण मिनिट घाल. कापू नको." रेकॉर्डर मी त्याच्या डाव्या हातात दिला. तो भाग मी या महिन्यात नव्याने करणार आहे, तेवढा श्वास शिल्लक आहे.

बुधवारी तो पोलिसांकडे जाणार. मी सोबत जाऊन सांगणार की मी खोटं बोलले. ऍलनला फोन करून म्हटलं, मंगळवार तुझ्या हातात आहे, स्वतःच्या पायांनी जा. तो आधी ओरडला, मग रडला, मग म्हणाला, "यू टॉट मी, मॉम." मी म्हटलं, हो, तेही जबानीत लिहून देणार आहे.

ऍलन, तुला माझ्याकडून जे मिळायचं ते मी जिवंत असतानाच मिळालं. म्हणून घर नाही. मी तुझी करंगळी मोडली. दारात सापडली नव्हती. मी मोडली. हे तुला मी कधी तोंडाने म्हटलं नाही, म्हणून छायाच्या तोंडून ऐक. माझं चुकलं, बाळा.

कलम ८, शेवटचं. छाया, इथवर वाचून झालं की कागद खाली ठेव आणि घड्याळ बघून एक मिनिट सगळ्यांना गप्प बसव. ऍलन, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. अबोली तिथे असेल. तिच्यासमोरचं पाण्याचं भांडं तूच कलंडव, आणि तिच्या हातांकडे बघ. ते मांडीवरच राहिले तर मला मिळायचं ते मिळालं. पुढे आले तर पुरायच्या आधी माझ्या पेटीतून लाटणं काढ, तुझ्या दोन्ही हातांनी मोड, आणि उद्या सकाळी नऊला तिच्यापासून लांब राहायला जा.

स्थळ: केंब्रिज, ऑन्टारियो
दिनांक: १४ एप्रिल २०२५, सोमवार

सही: युनिस पास्कल डाबरे

आम्ही दोघांनी युनिस यांना शुद्धीवर आणि रागात, सही करताना पाहिलं:

१. हेरॉल्ड, शेजारी (बर्फाबद्दल माफी मागितली, ती घेतली नाही)

२. क्लेटन, टायरचे व्यापारी, ब्रॅम्पटन (युनिस यांना गाडीने घरी सोडायला आले होते; सही डाव्या हाताने, सावकाश, आम्ही थांबलो)