सोमवारची सिगार

४ ऑक्टोबर १९०९, सोमवार. पिओरिया

आजही निभावलं! शिडीवरून मी कोसळायला आणि ड्रमवर थाप पडायला एकच गाठ, की थिएटरभर हशा. मला तो ऐकू येत नाही, पण पहिल्या रांगेतले दात दिसतात. यंदा गावोगावी ड्रमवाला मिळतो तो एकापेक्षा एक सरस. माझं नशीबच म्हणायचं. कान गेले, पण अंदाज शाबूत आहे.

लॉटीला अजून पत्ता नाही. बायको समोर असली की मी ओठ वाचतो, पाठमोरी असली की विचारात गढल्याचं सोंग करतो. तिला कळलं तर म्हणेल, बस झालं आता, चल बहिणीच्या खानावळीत. तिथे मी बटाटे सोलायचे! रंगमंचावरचं हे तिरपागड्या रंगाऱ्याचं काम सोडलं तर मी कोण?

६ ऑक्टोबर

आम्ही उतरलोय तिथल्या घरमालकिणीने कुत्र्यांच्या खेळवाल्याला त्याच्या सगळ्या कुत्र्यांसकट ठेवून घेतलंय. वर प्रत्येकाला हाड. अशी माणसं आहेत म्हणून आमचं चालतं.

११ ऑक्टोबर, सोमवार. डेकेटर

खेळ छान. सगळं छान. एकच खुपतं— दर सोमवारी सकाळी नव्या गावच्या वादकांची तालीम असते, तेव्हा लॉटी नटूनथटून जाते आणि ड्रमवाल्याला सिगार देते. मला कधी एक दिली नाही. विचारलं तर म्हणते, "वादकांना खूश ठेवावं लागतं रे, गस. तू झोप जरा." झोपतो. पण एवढं हसून बोलायची काय गरज?

१८ ऑक्टोबर, सोमवार. टेरे हॉट

लॉटीला सकाळपासून ताप. तालमीला गेलीच नाही.

दुपारचा खेळ पार पडला, म्हणजे अक्षरशः पडला. मी आपटलो, उठलो, टोपी झटकली, तेव्हा कुठे ड्रमवाल्याचा हात हलला. एकही दात दिसला नाही. मॅनेजरचे ओठ मला स्वच्छ वाचता आले, "रात्री बघतो. असंच झालं तर फोटो उतरवून न्या." दारावरचे फोटो परत हातात आले की हंगाम संपला.

खोलीवर येऊन म्हणालो, "ड्रमवाला गाढव आहे." लॉटी उठून शाल गुंडाळायला लागली.

"कुठे निघालीस तापाची?"

"औषध आणते."

औषधाच्या दुकानाकडे वळलीच नाही. सरळ थिएटरात. मी मागोमाग— मत्सराने, खोटं कशाला लिहू! रंगमंचाच्या पडद्याआडून पाहिलं. खाली वादकांच्या खड्ड्याशी वाकून ती ड्रमवाल्याला सिगार देत होती. तोंड माझ्या बाजूला, दिव्याखाली.

"कागदाकडे बघू नका. त्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघा. गुडघा वाकला की थाप. त्याला ऐकू येत नाही हो. आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका, त्याला वाटतं मला ठाऊक नाही."

रात्री थिएटरभर दात. फोटो दारावरच राहिले.

माझा अंदाज म्हणे! गावोगावी ही बाई माझ्यापुढे जाऊन माझे कान होत होती आणि मी रुसत होतो. देवा, एवढं मला कशासाठी दिलंस?

२५ ऑक्टोबर, सोमवार. एव्हान्सव्हिल

आज तालमीला तिच्या आधी पोचलो. ड्रमवाल्याला सिगार दिली, डावा गुडघा दाखवला आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही." पहिल्यांदाच तोंडाने म्हणालो. तो माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला. वळलो. लॉटी उभी होती, हातात सिगार. ती तिने माझ्या खिशात खोचली.